गुप्तहेराचं मनगट

सासूबाईंचा उजवा गुडघा बदलला आणि डॉक्टरांनी दीड महिना जिने चढायला मनाई केली. त्यांचं रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातलं घर पहिल्या मजल्यावर, आणि जिना असा उभा की धडधाकट माणूससुद्धा वर पोचल्यावर आधी कठड्याला धरून उभा राहतो. म्हणून त्या आमच्या तेलीबांध्याच्या फ्लॅटवर राहायला आल्या. इथे लिफ्ट आहे. नवरा रेल्वेत, आठवड्यातले चार दिवस दौऱ्यावर. मी नवा रायपूरच्या एका कार्यालयात कॉम्प्युटरवर नकाशे तयार करते. थोडी सुट्टी, थोडं घरून काम असं करून मी दीड महिना घरी राहण्याची सोय केली.

आमच्या लग्नाला तेव्हा एकवीस वर्षं झाली होती. एकवीस वर्षांत सासूबाईंचं नि माझं एकदाही भांडण झालं नव्हतं. बोलणंही फारसं झालं नव्हतं. मी सांगलीची, त्या वर्ध्याच्या. सुरुवातीला त्यांचं ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’ मला कळायला वेळ लागायचा आणि माझं बोलणं त्यांना पुस्तकी वाटायचं. पुढे कळू लागलं, पण तोवर कमी बोलायची सवय झाली होती. सण, तब्येत, भाजी, आता हॉस्टेलवर राहणाऱ्या नातीचा अभ्यास. एवढे विषय संपले की आम्ही दोघी खिडकीबाहेर बघायचो.

त्यामुळे पहिले चार दिवस फार अवघड गेले. मी दर तासाला विचारायची, “आई, दुखतंय का?” त्या म्हणायच्या, “नाही.” मी विचारायची, “चहा?” त्या म्हणायच्या, “चालते.” मालिका त्यांना आवडत नव्हत्या. “एक बाई दाराशी उभी होते, अन् आठ दिवस उभीच राहते,” असं म्हणून त्यांनी टीव्हीकडे पाठ फिरवली होती.

पाचव्या दिवशी दुपारी मी रिमोट पुसत होते. कुठलं तरी बटण दाबलं गेलं आणि पडद्यावर तो इंग्रज गुप्तहेर आला. तोच, सगळ्या जगाला ठाऊक असलेला. काळा सूट, एक भुवई वर, आणि हिंदीत डब केलेला भारदस्त आवाज. मी बदलायला गेले, तेवढ्यात त्याने बाही मागे सारून घड्याळ बघितलं.

“थांबव!” सासूबाई ओरडल्या.

माझ्या हातातलं फडकं पडलं. मला वाटलं, टाके तुटले.

“मागं घे. त्यानं घड्याळ पाहिलं ना, तेथपर्यंत घे.”

मी मागे घेतलं. पडद्यावर भलंमोठं मनगट थांबलं. सासूबाईंनी चष्मा वर केला, खाली केला, आणि म्हणाल्या, “किती वाजले? मले तर दहाला पाच कमी दिसून राहिले. आता पुढं कर.”

पुढच्याच दृश्यात भिंतीवरचं घड्याळ सव्वाअकरा दाखवत होतं. मधे त्या माणसाने फक्त एक दार उघडलं होतं.

“एका दाराले एक तास वीस मिनटं?” सासूबाई म्हणाल्या. “असा माणूस आमच्या एक्सचेंजमध्ये दोन दिवस टिकला नसता.”

मी हसले. खरं तर फिस्सकन हसले, आणि लगेच तोंडावर हात ठेवला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग त्याही हसल्या. एकवीस वर्षांत आम्ही एकाच गोष्टीला एकाच वेळी हसलो असू, तर मला तरी आठवत नाही.

एक्सचेंजचं सांगायला हवं. सासूबाई तरुणपणापासून रायपूरच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर होत्या. तेव्हा परगावी फोन करायचा तर आधी ऑपरेटरला नंबर सांगून ठेवावा लागे. मग ती कानाला हेडफोन लावून, समोरच्या बोर्डावर वायरी खोचून, इकडचं गाव तिकडच्या गावाला जोडून द्यायची. तीन मिनिटं झाली की मधेच येऊन सांगायची, तीन मिनिटं झाली, वाढवू का? हे सगळं मला माहीत होतं, पण एखाद्याच्या घरी तांब्याचा बंब आहे हे माहीत असावं, तसं. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी मला हात पुढे करून दाखवलं.

“आम्ही घड्याळ असं घालत होतो. डायल आतल्या बाजूनं, नाडी असते ना, तेथं. दोन्ही हातांत वायरी. मनगट फिरवायले फुरसत कोणाले? नुसती नजर खाली टाकली की वेळ दिसे.” मग पडद्याकडे बोट करून म्हणाल्या, “आता याच्या हातात पिस्तूल. अन् हा वेळ पाहाले हात उलटा करते. तेवढ्यात कोणी गोळी घातली मंग?”

आम्ही तो सिनेमा शेवटपर्यंत बघितला. संपल्यावर त्या म्हणाल्या, “याचे आणखी आहेत?”

“पंचवीसच्या आसपास असतील.”

“मंग लाव.”

आणि मग आमच्या घरात जे सुरू झालं, त्याला दुसरा शब्द नाही, वेड लागलं. मी सकाळी लवकर उठून कार्यालयाचे नकाशे संपवायची. अकराला त्यांचा व्यायाम, साडेबाराला जेवण, आणि एकच्या ठोक्याला पडदे ओढून गुप्तहेर. त्या पलंगावर, पायाखाली उशी. मी खाली गादीवर, रिमोट हातात. मनगट दिसलं रे दिसलं की जी आधी ‘थांबव’ म्हणेल तिचा एक गुण. गोष्ट काय चाललीय, कोण कोणाला फसवतोय, याच्याशी आमचं देणंघेणं नव्हतं. एकदा एक अख्खं विमान कोसळलं आणि सासूबाई चिडून म्हणाल्या, “धूर काहून केला एवढा? हात दिसत नाही.”

व्यायामाच्या कागदाच्या मागच्या बाजूला त्या नोंद ठेवायच्या. सुंदर, टपोरं अक्षर. जुन्या सिनेमांतलं एक घड्याळ त्यांना फार आवडलं. काळी तबकडी, भोवती फिरणारं कडं, पाण्यात बुडी मारणाऱ्या लोकांसारखं. पण त्याला कापडी रेघारेघांचा पट्टा लावला होता, आणि तो इतका अरुंद की दोन्ही बाजूंनी फट दिसत होती. “बापाच्या पँटीले पोराचा पट्टा,” असं त्यांनी कागदावर लिहिलं. पुढे एका सिनेमात त्याने बटण दाबल्यावर लाल आकडे उमटणारं घड्याळ घातलं होतं. मला ते अगदी आधुनिक वाटलं. सासूबाईंनी नापास केलं. “वेळ पाहाले दुसऱ्या हातानं बटण दाबा. म्हणजे दोन हात गेले. तिसरा हात कोठून आणावा ऑपरेटरनं?” त्यांच्या दृष्टीने तो आता ऑपरेटरच झाला होता.

करामती घड्याळं आली तेव्हा तर विचारू नका. एकातून लोहचुंबक, एकातून दोरी, एकातून लोखंड कापणारा किरण. एकाचं कडंच गरगर फिरून करवत झालं, तेव्हा सासूबाईंनी दोन्ही हातांनी उशी दाबून धरली. आणि एका सिनेमात घड्याळातून टिकटिक करत छापील अक्षरांची बारीक पट्टी बाहेर आली. वरिष्ठांचा निरोप होता तो.

“तार!” सासूबाई किंचाळल्या. “अवो, तार आली त्याले! मनगटावर तार आली!”

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. हसण्याचं होतं की दुसरं कसलं, मी विचारलं नाही. मी ते दृश्य पाच वेळा मागे घेऊन दाखवलं.

व्यायाम शिकवणारी मुलगी एक दिवस दुपारी आली, कारण सकाळी तिला जमलं नव्हतं. ती म्हणाली, “आंटी, पैर ऊपर, दस सेकंड.” सासूबाईंनी पाय उचलला. पडद्यावर बॉम्बचे आकडे उलटे धावत होते. दहा सेकंद झाले, वीस झाले. मुलगी म्हणाली, “बस, आंटी, नीचे.” सासूबाई म्हणाल्या, “रुको, पहले इसको निकलने दो.” गुप्तहेर बाहेर पडेपर्यंत पाय हवेतच होता. मुलीने वहीत काहीतरी लिहिलं आणि मला दाराशी म्हणाली की इतक्या वेगाने सुधारलेला गुडघा तिने बघितला नाही.

नवरा दौऱ्यावरून आला तेव्हा आम्ही दोघी तावातावाने वाद घालत होतो, की नव्या गुप्तहेराचं निळ्या तबकडीचं घड्याळ बरं की जुन्याचं काळं. तो बूट न काढता दारातच उभा राहिला. “आई, गुडघा?” त्याने विचारलं.

“कोणाचा?” सासूबाई म्हणाल्या.

पाचव्या आठवड्यात ती व्यायामवाली मुलगी म्हणाली की आता घराबाहेर चालायला हवं. सपाट जमीन, गर्दी कमी, मधे बसायला जागा. एखादा मॉल बरा. ती गेल्यावर सासूबाईंनी नोंदींचा कागद उघडला. मग म्हणाल्या, “त्याचं घड्याळ मिळते का वो इथं? खरं?”

मिळत होतं. म्हणजे ते जसंच्या तसं नव्हे, पण त्याच घराण्यातलं. आमच्या घरापासून गाडीने दहा मिनिटांवर एका मॉलमध्ये महागड्या घड्याळांचं दुकान होतं. मी त्यावरून शंभरदा गेले असेन, आत कधीच नाही.

“आपण नुसतं बघायला आलोय असं सांगू,” मी म्हणाले.

“मंग ते काचेतूनच दाखवतील. हातात नाही देणार.” त्यांनी आवाज खाली आणला, घरात आम्ही दोघीच असूनही. “आपण जावयासाठी पाहून राहिलो. जावई नेव्हीत आहे.”

“आई, तुम्हाला मुलगीच नाही.”

“त्या दुकानदाराले कोठं माहीत?”

शाळेत शिपायाला फसवून बाहेर पळायचं ठरलं की जसं व्हायचं, तसं मला झालं. मी सेहेचाळीस वर्षांची, सरकारी नोकरीतली बाई, आणि मी आरशासमोर उभी राहून ‘दामाद जी नेवी में हैं’ हे वाक्य तीनदा म्हटलं. सासूबाईंनी मोरपिशी सिल्कची साडी नेसली, सोन्याच्या पाटल्या घातल्या, आणि पाटल्यांच्या मधे हिरव्या काचेच्या बांगड्या. “पैसेवाली दिसली पाहिजे,” म्हणाल्या. मग काठी हातात घेऊन त्या अशा काही ऐटीत निघाल्या की लिफ्टमधल्या शेजाऱ्याने विचारलं, “कोई शादी है क्या?”

दुकान थंडगार होतं. दाराशी बंदूकवाला पहारेकरी. आत कोट घातलेली तिशीची एक विक्रेती, हातात पांढरे मोजे. तिने आम्हाला मऊ खुर्च्यांवर बसवलं. मी पाठ केलेलं वाक्य म्हणाले, पण इतक्या भरभर की ‘दामाद’ आणि ‘नेवी’ एकमेकांत अडकले. सासूबाईंनी सूत्रं हातात घेतली आणि नेमकं कोणतं घड्याळ हवं ते सांगितलं. निळी तबकडी, फिरणारं कडं, स्टीलची चेन. सांगताना त्यांनी काट्यांचा आकार बोटाने हवेत काढून दाखवला. विक्रेतीने त्यांच्याकडे जरा नीट बघितलं. मग आत जाऊन एका मखमली ताटलीत ते घड्याळ आणलं.

आम्ही दोघी पुढे झुकलो. पडद्यावर ते मोठं दिसतं, पण त्याचं वजन दिसत नाही. त्याची निळाई अशी होती की तलावात संध्याकाळी खोलवर बघावं. किमतीची चिठ्ठी खाली तोंड करून लटकत होती. ती उलटी करायची हिंमत दोघींपैकी एकीलाही झाली नाही.

“दामाद जी की कलाई का साइज़ क्या होगा?” विक्रेतीने विचारलं.

“मेरे जितना,” सासूबाई म्हणाल्या आणि हात पुढे केला.

विक्रेतीने त्या हाताकडे बघितलं. सासूबाईंचं मनगट म्हणजे शेवग्याची शेंग. “बहुत दुबले हैं?”

“जहाज का खाना उनको जमता नहीं.”

मी खोकल्याचं सोंग करून रुमालात तोंड लपवलं. विक्रेतीने घड्याळ त्यांच्या मनगटावर चढवलं आणि लॉक लावलं. सासूबाईंनी लगेच ते फिरवून डायल आत घेतली, नाडीवर. नुसती नजर खाली टाकली. चेहऱ्यावर जे उमटलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. पंचवीस वर्षांची एक पोरगी, समोर बोर्ड, दोन्ही हातांत वायरी. मग त्यांनी कडं फिरवून बघितलं, बाजूचं बटण चाचपलं, हात कानाला लावला, आणि माझ्याकडे झुकून कुजबुजल्या, “किरण नाही निघत.”

ते ऐकून मला हसू फुटलं ते आवरेना. त्यांनाही. त्या हसता हसता खुर्चीच्या हातावर हात आपटू लागल्या. बांगड्या खळाखळा वाजल्या, एक फुटलीसुद्धा.

शेवटी विक्रेती म्हणाली, “उतार दूँ, आंटी जी?”

लॉक उघडेना.

तिने दाबलं, पुन्हा दाबलं, मोजे काढून दाबलं. काहीच नाही. आतून मॅनेजर आला. साधारण चाळिशीचा, टायवाला. त्याने ‘अभी हो जाएगा’ म्हणत हात धरला आणि दोन मिनिटांत त्याच्या कपाळावर घाम आला, तेही त्या थंडीत. मुठीवरून घड्याळ खाली ओढायचा प्रयत्न केला, तर ते अंगठ्याच्या हाडाशी अडलं, सासूबाई ‘आई गं’ म्हणाल्या आणि त्याने विंचवाला हात लागल्यासारखा हात मागे घेतला. पहारेकरी दोन पावलं सरकून बरोबर दाराच्या मधोमध उभा राहिला.

माझं हसू एका क्षणात पळालं. डोळ्यांसमोर आलं की आम्ही दोघी पोलिस चौकीत बसलोय आणि मी फोनवर नवऱ्याला सांगतेय, अरे, आईंच्या हातात गुप्तहेराचं घड्याळ अडकलंय.

सासूबाईंच्या चेहऱ्यावर मात्र भीतीचा लवलेश नव्हता. “अब क्या?” त्यांनी मॅनेजरला विचारलं. “यह मेरा हो गया?”

मॅनेजर कसंनुसं हसला आणि फोन करायला वळला. पंडरी बाजारात घड्याळं दुरुस्त करणारे एक जुने गृहस्थ होते. चेनच्या कड्या कमी-जास्त करायला हे दुकान त्यांनाच बोलवायचं. ते अर्ध्या तासात स्कूटरवर येतो म्हणाले. तोवर आम्हाला सोफ्यावर बसवलं, चहा आला, काजूकतली आली. मॅनेजर वरिष्ठांशी बोलत येरझारा घालत होता. त्याने फोन ठेवल्यावर सासूबाई मनगटाकडे बघून म्हणाल्या, “साढ़े चार मिनट. काम की बात एक मिनट की थी.”

तो आमच्यासमोर बसला. वेळ काढायला म्हणून की संशय आला म्हणून, त्याने विचारलं, “दामाद जी की पोस्टिंग कहाँ है?”

“विशाखापट्टणम,” सासूबाई म्हणाल्या.

“कोची,” मी म्हणाले. त्याच क्षणी.

मी काजूकतलीकडे बघत राहिले.

“ट्रांसफ़र हुआ है?” मॅनेजरने हळूच विचारलं.

“हव,” सासूबाई म्हणाल्या. छत्तीसगढी ‘हव’, म्हणजे हो, ठाम, पुढे प्रश्नच नको असा.

आता मला वर बघायची सोय उरली नाही. माझे खांदे हलत होते. शेजारी सिल्कची साडीही हलत होती. आम्ही एकमेकींकडे न बघता हसत होतो, आणि त्यामुळे ते आणखी वाढत होतं.

तेवढ्यात ते गृहस्थ आले. सत्तरीचे, पांढरा सदरा, खांद्याला पत्र्याची छोटी पेटी, गळ्यात दोरीला बांधलेलं डोळ्याला लावायचं काळं भिंग. कोणाशी न बोलता ते सासूबाईंसमोर स्टुलावर बसले, त्यांचा हात टेबलावर पालथा ठेवला आणि भिंग डोळ्याला लावलं.

“हिलना मत, बहन जी.”

“नहीं हिलती,” सासूबाई म्हणाल्या. “तीन मिनट में हो जाएगा?”

त्या गृहस्थांचा हात थांबला. त्यांनी भिंग काढलं आणि सासूबाईंच्या तोंडाकडे बघितलं. चेहरा ओळखीचा नव्हता, हे स्पष्ट दिसत होतं. ते ऐकत होते.

“फिर से बोलिए,” ते म्हणाले.

“क्या बोलूँ?”

“तीन मिनट.”

“तीन मिनट हो गए,” सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांच्याही नकळत तो जुना आवाज आला. सरळ, स्वच्छ, किंचित नाकातला. “और बढ़ाना है?”

ते गृहस्थ स्टुलावरून उठलेच. “ट्रंक वाली दीदी!” ते म्हणाले. “आप एक्सचेंज में थीं! रविवार की ड्यूटी!”

मग त्यांनी सांगितलं. मॅनेजर, विक्रेती, पहारेकरी, सगळे ऐकत होते. तरुणपणी ते पंडरीत एका दुकानात घड्याळं दुरुस्त करायचे. लग्न ठरलं होतं, मुलगी जबलपूरची. दर रविवारी ते दुकानाच्या फोनवरून जबलपूरचा नंबर लावून मागायचे. पलीकडे मुलीचे वडील शेजारीच उभे, त्यामुळे पहिली दोन मिनिटं दोघंही पाऊस आणि पाहुण्यांबद्दल बोलायचे. तिसऱ्या मिनिटाला वडील कंटाळून बाजूला व्हायचे, आणि आता कुठे बोलायचं, तर वेळ संपलेली. पण रविवारची ऑपरेटर तीन मिनिटांवर मधे यायची नाही. तिचं ‘तीन मिनट हो गए’ उशिरा यायचं.

“हम सोचते थे, दीदी की घड़ी धीमी चलती होगी,” ते म्हणाले. “पर मैं तो घड़ी वाला आदमी, मेरे सामने बीस घड़ियाँ टँगी रहती थीं. बीसों बोलती थीं, चार मिनट दस सेकंड. हर रविवार. चार मिनट दस सेकंड.”

“मेरी घड़ी एकदम सही थी,” सासूबाई म्हणाल्या. जराशा रागावूनच. त्यांच्या कामावर बोट ठेवलेलं त्यांना खपत नाही. मग आवाज मऊ झाला. “तुमची बात मैं सुनती नहीं थी. पर तुम दोनों की साँस से समझ में आता था, की बाप अब हट गया.”

मराठी-हिंदीची खिचडी झाली होती, कोणाला त्याचं काही नव्हतं. विक्रेतीने विचारलं, “फिर शादी हुई, अंकल?”

“हुई ना. चालीस साल ऊपर हो गए.” ते पुन्हा स्टुलावर बसले आणि भिंग लावलं. “अब तो वो रुकती ही नहीं. दीदी, अब आप बीच में आ सकती हैं.”

सगळे हसले. पहारेकरी सर्वांत मोठ्याने. त्या हसण्यातच त्यांनी बारीक चिमटा लॉकमध्ये घातला, काहीतरी अलगद ओढलं, आणि लॉक टिचकीसारखा आवाज करून उघडलं. चिमट्याच्या टोकाला हिरव्या काचेचा इवलासा तुकडा होता. सासूबाईंच्या बांगडीचा. हसता हसता हात आपटला तेव्हा फुटून आत बसला होता.

मॅनेजरने घड्याळ दोन्ही हातांनी उचलून ताटलीत ठेवलं आणि भिंगवाल्या गृहस्थांनी उलटसुलट बघून सांगितलं की एक ओरखडासुद्धा नाही. तेव्हा कुठे त्याने श्वास सोडला.

सासूबाई काठी टेकून उठल्या. दोन पावलं गेल्या, आणि परत वळून विक्रेतीला म्हणाल्या, “बेटी, एक बात. दामाद नहीं है.”

“पता है, आंटी जी,” ती म्हणाली.

“कब पता चला?”

“विशाखापट्टणम और कोची में.” तिने ओठ दाबून धरले होते. “पर शक तो कलाई देखकर ही हो गया था.”

“फिर दिखाया काहे को?”

“दिन भर लोग पहले दाम पूछते हैं. आपने काँटों का आकार बताया.”

सासूबाईंनी तिच्या गालाला हात लावला. त्या गृहस्थांना सांगितलं की पुढच्या रविवारी बायकोला घेऊन चहाला या, आणि पत्ता मला लिहून द्यायला लावला. मी ज्या कागदावर लिहिला, त्याच्या मागे दुकानाचं चकचकीत चित्र होतं.

बाहेर पडल्यावर घरी जायचं सोडून आम्ही घराजवळच्या तलावाकाठी गेलो. संध्याकाळ होती, फिरणारे लोक होते, वारा बरा होता. सासूबाई म्हणाल्या, थोडं बसू. तिथला बाक बुटका होता, हे आमच्या लक्षात आलं नाही. आम्ही बसलो, काठी बाकाला टेकवली. मग त्या अगदी गंभीरपणे म्हणाल्या, “जहाज का खाना.”

बस. त्यानंतर काय झालं हे मला नीट सांगता येणार नाही. आम्ही हसलो. पोट दुखेपर्यंत, आवाज बंद होईपर्यंत, डोळे गळेपर्यंत हसलो. एकीचं थांबलं की दुसरी ‘कोची’ म्हणायची. मला वाटतं, एकवीस वर्षांचं राहून गेलेलं त्यात होतं, पण तेव्हा असलं काही सुचलं नाही. तेव्हा फक्त श्वास कसा घ्यायचा हा प्रश्न होता.

अंधारायला लागलं तशी मी म्हणाले, “चला, आई.” मी उठले, त्यांचा हात धरला, ओढला. त्या हलल्या नाहीत. बाक बुटका, गुडघा नवा, आणि माझ्या हातात हसून हसून त्राण नव्हतं.

“ओढ ना वो,” त्या म्हणाल्या.

“ओढतेय.”

“हे ओढणं आहे? जेवली नाही का तू?”

मी पुन्हा ओढलं आणि मीच त्यांच्या शेजारी धपकन बसले. ते इतकं हास्यास्पद होतं की आम्ही पुन्हा सुरू झालो. समोरून पळणाऱ्या दोन बायका थांबल्या. ट्रॅकसूट घातलेल्या, घामाघूम. “क्या हुआ दीदी, तबीयत ठीक है?” एकीने काळजीने विचारलं. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली. सासूबाईंनी फक्त दोन्ही हात वर केले, लहान मूल कडेवर घ्यायला करतं तसे.

एकीने त्यांना उजवीकडून धरलं, दुसरीने डावीकडून, आणि एक, दो, तीन म्हणत उभं केलं. मग दोघी माझ्याकडे वळल्या आणि मलाही ओढून उभं केलं. सासूबाईंनी साडी झटकली, काठी घेतली आणि कडेच्या भुट्ट्याच्या गाडीकडे चालू लागल्या. “लिंबू जास्त लावायले सांग,” मागे न बघता म्हणाल्या, “अन् चार घे. या दोघींले बी दे.”

आम्ही चौघी तिथेच उभं राहून भुट्टे खाल्ले. त्या बायकांनी दोनदा विचारलं, की एवढं हसायला काय झालं. आम्हाला सांगताच आलं नाही.